मागच्या उताराचं यंत्र

सोमवार, ३ जून १९६३

“बाई, तुमी पोट्ट्यायचं पाहा, मशीनचं आमी पाहतो.” — हे खुशालराव, आमच्या कमिटीचे अध्यक्ष. भर बैठकीत. बाकीचे चौघे गालातल्या गालात हसले.

पोट्ट्यायचंच तर पाहते आहे मी! नऊ वर्षं या टेकडीवरच्या छात्रालयाची रेक्टर आहे. एकशे बारा मुली. न्हाणीघरापासून खालच्या विहिरीपर्यंत मागचा सगळा उतार, चार एकर, आणि पावसाळ्यात त्यावर छातीइतकं गवत. कापायला बाया मिळत नाहीत, सगळ्या वावरात निंदणाला गेलेल्या असतात. मागच्या श्रावणात सातवीतली मैना त्या गवतातून विहिरीवर गेली. घोणस चावली. अमरावतीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत गेलीच. तिचे वडील आले, मला एक शब्द बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्षभर अर्ज करते आहे. गवत कापायचं यंत्र घ्या. माणूस वर बसून चालवेल असं घ्या, कारण चार एकर ढकलत कोणी कापू शकत नाही. आणि चढ चढेल असं घ्या. आता मंजुरी आली, तर यंत्र निवडणार कोण? ज्यांनी मागचा उतार डोळ्यांनी पाहिलेला नाही ते! खुशालराव तीन वर्षांत पुढच्या व्हरांड्याच्या पलीकडे आलेले नाहीत.

चहा आला. माझी कपबशी वेगळी, निळ्या काठाची, नेहमीची. धर्म बदलून आम्हाला सातवं वर्ष चाललंय, कपबशी काही बदलली नाही. आज प्यायलेच नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

गुरुवार, ६ जून

जाईबाई आणि तिच्या आठ बाया आल्या. पेरण्या व्हायच्या आहेत तोवर मोकळ्या आहेत. मागचं वाळलेलं गवत काढताहेत. तासभर उभी राहून पाहिलं.

उतारावर कोणी वर-खाली कापत नाही. आडवी पात धरतात. एक इथे, दुसरी तिच्या जरा खाली, तिसरी आणखी खाली — सगळ्या एकाच बाजूला तोंड करून टेकडीच्या बगलेनं सरकत जातात. एक पाय वरच्या अंगाला, एक खालच्या. विळा चालतो आणि कोणी घसरत नाही. जाईबाई म्हणाली, “उभं कापलं तं माणूस गडगडत खाली जाते वो बाई. आडवं कापलं तं टेकडी धरून ठेवते.”

कमिटीतल्या पाचांना मिळून एवढं कळत नाही.

सोमवार, १० जून

अकोल्याला जाऊन आले. मला नेलं ते “बाईंनीही पाहिलं” असं कागदावर लिहिता यावं म्हणून. यंत्र विकणारे गुणवंतराव — खुशालरावांचे साडू! हे मला तिथं पोचल्यावर कळलं. आधी कशाला सांगतील?

यंत्र दाखवलं कुठे, तर कापसाच्या बाजाराच्या पटांगणात. तळहातासारखं सपाट. यंत्र विलायती, लाल, चकचकीत, बसायला कातडी गादी. गुणवंतराव धोतर सावरून बसले आणि दोन फेऱ्या मारल्या. गवताची काडी नव्हती, नुसती धूळ उडवली. तरी सगळे वाहवा करताहेत.

मी म्हटलं, चढावर दाखवा. म्हणाले, “अकोल्यात चढ कुठून आणू बाई?” मी आधीच पाहून ठेवला होता — पटांगणाच्या कडेला रस्त्याचा भराव, त्यावर हरळी. तिथे नेलं. चढलं. खरं ते लिहावं, चढलं. खुशालरावांनी माझ्याकडे “आता?” अशा नजरेनं पाहिलं.

मी हौदावरून बादली भरून आणली. कोणी उठलं नाही, मीच आणली. हरळीवर ओतली. दुसरी आणली, तीही ओतली. आमच्याकडे गवत पावसात वाढतं, वैशाखात नाही. म्हटलं, आता चढवा.

मागची दोन चाकं जागच्या जागी गरगर फिरली. चिखल उडाला तो गुणवंतरावांच्या धोतरावर. यंत्र घसरत खाली आलं. उघड आहे — ओढतात फक्त मागची दोन चाकं, पुढची दोन नुसती वळायला. ओल्या उतारावर चारही चाकांनी ओढलं पाहिजे. मी हे बोलून दाखवलं. गुणवंतराव म्हणाले, “चारी चाकायनं ओढणाऱ्या गाड्या फौजेत रायतात. तुमाले गवत कापाचं हाये का लढाई कराची हाये?” खूप हसले सगळे. चिखल पुसता पुसता हसले.

परतीच्या गाडीत खुशालराव मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसले. मग म्हणाले, “पाव्हण्यायसमोर इज्जत काढली तुमी माही.” इज्जत! एक पोर गेली तेव्हा कुठे होती ही इज्जत?

बुधवार, १२ जून

सेक्रेटरी देवीदास चिठ्ठी घेऊन आला. लाल यंत्रच घ्यायचं “तत्त्वतः ठरले आहे”. तत्त्वतः! तळपायाची आग मस्तकात गेली. जेवणाच्या वेळी दोन मुलींवर विनाकारण ओरडले. त्यांची काही चूक नव्हती.

रविवार, १६ जून

आज परतवाडा. देवमनला बरोबर घेतलं. देवमन म्हणजे आमचा पहारेकरी. स्वैपाकघरामागच्या खोलीत तो आणि त्याची बायको भागीरथा राहतात. इथे येण्याआधी जंगलातल्या लाकडाच्या ट्रका चालवायचा. माझी धुसफूस ऐकून परवा म्हणाला, “बाई, परतवाड्याले सूर्यभान मिस्त्री हाये. ठेकेदारायच्या गाड्या थोच सुधरवते. त्याच्याजवळ पाहा.” पाच शहाण्यांची कमिटी वर्षभर बसली आणि उपाय सुचला पहारेकऱ्याला.

सूर्यभान मिस्त्री साठीचा, एक डोळा अधू, बोलणं तुटक. त्यानं फौजेच्या लिलावातली जुनी जीप घेतली, कापून आखूड केली. रुंदीही कमी केली, झाडांच्या मधून जावी म्हणून. पुढे दातेरी सुरी लावली, ती कात्रीसारखी इकडून तिकडे चालते. वर लोखंडी बैठक, त्यावर गोणपाट. रंग नाही. दिसायला ओंगळ आहे, खोटं कशाला लिहू. पण चारही चाकं ओढतात! एका दांड्यानं चारही चाकांना जोर लागतो, दुसऱ्या दांड्यानं फक्त मागच्या दोन्हींना. मी विचारत गेले, तो सांगत गेला. चाकांची नक्षी खोल हवी, चिखल धरायला. वजन पुढेही हवं, नाहीतर चढावर तोंड उचलतं. ब्रेक उतारावर थांबवू शकतो की नाही ते आधी पाहायचं, चढण्याचं नंतर.

मेळघाटाच्या वाटेवर एक टेकाड आहे, तिथे नेलं. सकाळीच एक सर पडून गेली होती, माती निसरडी. देवमन बसला आणि ते ओंगळ यंत्र रेड्यासारखं सरळ वर गेलं. मध्ये थांबवलं. थांबलं! परत चढलं. मला तिथेच रडू आलं. मिस्त्रीनं तोंड फिरवलं. भला माणूस.

सोमवार, १७ जून

राजीनाम्याचा मसुदा लिहून ठेवला. शुद्धलेखन दोनदा तपासलं.

शनिवार, २२ जून

जिंकले.

सरळपणे नाही. खुशालराव म्हणाले, “भंगाराची मशीन घ्याची? लोक काय म्हणतीन?” देवीदास म्हणाला, पावती कोण देईल, हमी कोण देईल. आणखी एक जण म्हणाला, बाईमाणसाला यंत्रातलं काय समजतं. तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, मैनाच्या वडिलांना मी इथे बोलावते, तुम्ही त्यांना सांगा की यंत्र सपाट पटांगणात फार छान चालतं. राजीनामा टेबलावर ठेवला. नऊ वर्षांत या लोकांसमोर माझा आवाज कधी चढला नव्हता. आज चढला आणि मला बरं वाटलं, लाज वाटली नाही.

खुशालराव बराच वेळ मिशीला पीळ देत बसले. मग म्हणाले, “घ्या. पण तुमच्या जबाबदारीवर. लेहून द्या.” लिहून दिलं — यंत्राची निवड आणि वापर माझ्या जबाबदारीवर. खाली सही, सत्यभामा, आणि तारीख. इतक्या आनंदानं मी पगारपत्रकावरही सही करत नाही.

देवमन दहा दिवस परतवाड्याला राहून यंत्र शिकणार.

मंगळवार, २ जुलै

यंत्र आलं, ट्रकमधून. देवमन वर बसून, गळ्यात कोणी घातलेला झेंडूचा हार. मुली गोळा झाल्या. भागीरथा दारात उभी राहून पाहत होती. मी म्हटलं, ये ना पुढे. म्हणाली, “मले भेव लागते वो त्या मशीनचं.” मी हसले. म्हटलं, तुझा नवरा लाकडाच्या ट्रका घाटातून चालवायचा तेव्हा नाही भीती वाटली? ती आत निघून गेली.

रविवार, ७ जुलै

पहिली कापणी. पहाटे सपाटून पाऊस होऊन गेला होता. देवमननं यंत्र विहिरीपासून सरळ वर घेतलं, कापत कापत न्हाणीघरापर्यंत. मग सुरी बंद करून तसंच मागे मागे खाली. पुन्हा वर. एकदाही घसरलं नाही. चाकं चिखलात रुतत होती आणि निघत होती.

गवतातून दोन घोणशी निघाल्या. एक पळाली, एक सुरीत सापडली. मुलींना लांब उभं केलं होतं तरी किंचाळल्या. मी ती दोन तुकडे झालेली घोणस जवळ जाऊन पाहिली. मेलेल्या जनावराचा राग करू नये म्हणतात. मला राग आला, खूप आला, आणि मग जरा हलकं वाटलं.

संध्याकाळी मुली हातात हात घालून विहिरीवर गेल्या. वर्षानं.

मंगळवार, १६ जुलै

खुशालरावांचं पत्र. शुक्रवारी येणार, बरोबर शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टर. “मशीनचे कार्य पाहण्यात येईल.” म्हणजे माझी परीक्षा! तीन वर्षांत व्हरांडा ओलांडला नाही, आता उतार पाहायचा आहे. कुठे गवत राहिलं ते बोट करून दाखवायचं असणार. साडूच्या धोतरावरचा चिखल अजून निघालेला नाही.

आणि राहिलंच आहे गवत. आठ दिवस पाऊस थांबला नाही, कापलेलं पुन्हा गुडघ्याएवढं. देवमनचं काम हळू. एक पट्टा वर कापायचा आणि रिकामं मागे यायचं — निम्मा वेळ मागे येण्यातच जातो. दीड एकर झालं. अडीच बाकी. दोन दिवस. त्याला म्हटलं, जरा हात चालव. म्हणाला, “चालवून राह्यलो बाई.” तो काही घाई करणारा माणूस नाही. मी आहे.

गुरुवार, १८ जुलै

यंत्र उलटलं. देवमन खाली सापडला.

दुपारी अडीच-तीनची वेळ. विहिरीच्या वरच्या अंगाला. एक चाक वारुळावर चढलं आणि सगळं यंत्र कलंडलं, खालच्या बाजूला, एकदा पूर्ण गडगडलं. उजवा पाय गुडघ्याखाली यंत्राखाली. मोठ्या मुलींनी, मी, भागीरथेनं मिळून लोखंड उचललं. कसं उचललं माहीत नाही. देवमन ओरडत नव्हता. भागीरथाही नाही. फक्त मी ओरडत होते.

टांग्यात घालून अमरावती. दवाखान्यात भरती केलं. डॉक्टर म्हणाले, उद्या सांगू.

कोणाला दोष देऊ! त्या सूर्यभानानं रुंदी कमी केली ती कशाला? झाडं काय आहेत इथे? रुंद ठेवलं असतं तर नसतं उलटलं. कमिटीनं वर्ष घालवलं, वेळेवर घेतलं असतं तर असं उरावर बसून काम करावं लागलं नसतं. खुशालरावांना शुक्रवारच सापडला, आणि पावसानं उसंत दिली नाही. आणि देवमननं तरी पुढे वारूळ आहे ते पाहायला नको?

शनिवार, २० जुलै

पाय काढला. गुडघ्याखाली.

देवमन शुद्धीवर आहे. मला पाहून उठायला लागला — माणूस खाटेवरून उठायला लागतो, रेक्टर आली म्हणून! मी म्हटलं, पडून राहा. म्हणाला, “मशीनले लय लागलं नाही ना बाई?” मी त्याचं पांघरूण सारखं केलं. भागीरथा खाटेच्या पायथ्याशी बसलेली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिच्यासाठी भाकरी नेल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

सोमवार, २२ जुलै

काल नाही, आज नाही. काही लिहायचं नाही.

बुधवार, २४ जुलै

खुशालराव आले. एकटे. शुक्रवारची इन्स्पेक्टरांची भेट अपघातामुळे रद्दच झाली होती. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोलले. बसा म्हणाले, आधी मला बसवलं. चहा सांगितला, दोन सारख्या कपांत आला. आज!

“बाई, झालं ते वाईट झालं. तुमच्यावर काई येऊ देनार नाई मी.” मग कागद पुढे सरकवला. देवीदासच्या अक्षरात सगळं लिहून तयार. ‘सदर अपघात चालकाच्या निष्काळजीपणामुळे झाला. त्यास योग्य त्या सूचना दिलेल्या होत्या.’ खाली माझ्या सहीची जागा. म्हणाले, मागं तुम्ही जबाबदारी लिहून दिली, ती बाहेर काढली तर तुमची नोकरी जाते, आणि कमिटीनं परवानगी दिली म्हणून आमची मान अडकते. चालकाची चूक लिहिली की प्रकरण मिटतं.

मी विचारलं, देवमनचं काय? “काय म्हंजे? पहारा आता थो कसा करन? मयनाभरात खोली मोकळी करा म्हना.” एका पायाचा माणूस आणि त्याची बायको. खोली मोकळी करा!

संताप संताप झाला. काय काय बोलायचं होतं! निर्लज्ज म्हणायचं होतं. खुर्ची फेकायची होती. पण मी काय केलं? कागद ठेवून घेतला. म्हणाले, परवापर्यंत द्या. जाताना नमस्कार केला. मलाच केला.

ते गेल्यावर तो कागद चार वेळा वाचला. ‘योग्य त्या सूचना.’

शुक्रवार, २६ जुलै

त्यांचा कागद फाडला. माझा लिहिला. इथे आठ दिवस जे लिहिलं नाही ते त्यात लिहिलं.

देवमन गुरुवारीही यंत्र उभंच नेत होता. दोन वाजता मी न्हाणीघराजवळून ओरडून सांगितलं — आडवी पात धर, लवकर उरकेल. तो म्हणाला, “बाई, मिस्त्रीनं सांगतलं, आडवी नेली तं उलटते.” मी म्हटलं, जाईबाईच्या बाया काय उलटतात? यंत्राला आडवं-उभं काय समजतं, चारही चाकं धरतात, ने. त्यानं नेलं.

कमिटीकडे देण्याआधी दवाखान्यात जाऊन भागीरथेला वाचून दाखवला. ती ऐकत राहिली. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

“मले मालूम हाये बाई. त्यायनं शुद्धीवर आल्याबरोबर सांगतलं. म्हने, बाईचं नाव कोनापाशी काढू नोको. त्याहिले पोट्ट्यायचं पाहाचं रायते.”